आयआयटी सोडून माटुंग्याला? लातूरच्या एका घरातला जुलै

२०२४ चा जुलै. रात्री साडेनऊला, पाऊस नुकताच उघडलेला, आणि दारात मोटरसायकल थांबली. पुढे वडील, मागे मुलगी, दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ड्यूटीवरून थेट आलेले, नखांत ग्रीस तसंच. बसायच्या आधीच म्हणाले, "सर, पोरगी आयआयटी सोडते म्हणतीय. तुमी शिकवलंय काय हिला असं?"

मी असं काही शिकवलं नव्हतं. उलट महिन्याभरापूर्वी जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला तेव्हा पेढा खाताना मीच म्हणालो होतो, की आता डोळे झाकून जायचं. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लातुरात वर्षाला अशी दहा-बारा घरं सल्ला विचारतात आणि आपल्याला सगळं कळतं असं त्याला हळूहळू वाटू लागतं. या प्रकरणात माझी ती समजूत बरीच ढिली झाली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुलगी घरात थोरली, सगळे तिला ताई म्हणतात. इथंही तेच नाव ठेवतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आधी आमचं गाव समजून घ्यायला हवं. लातूरला हुशार मुलगी म्हणजे एमबीबीएस, हे ठरलेलं असतं. त्या जूनमध्ये तर नीटच्या पेपरफुटीच्या तपासात शहराचं नाव रोज बातम्यांत येत होतं, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. अशा गावात ताईनं अकरावीला जीवशास्त्र सोडून गणित धरलं, तेव्हाच अर्धे नातेवाईक नाराज झाले होते. त्यांची समजूत पटली ती आयआयटी या एका शब्दानं. तो शब्द आता ती परत करायला निघाली होती. वडिलांचा राग समजण्यासारखा होता.

फाईलमध्ये दोन कागद महत्त्वाचे. एक, जोसाच्या, म्हणजे आयआयटीच्या देशपातळीवरच्या जागावाटपाच्या, फेरीत मिळालेली जागा: आयआयटी गांधीनगर, केमिकल इंजिनिअरिंग, ओबीसी प्रवर्गातून, मुलींसाठीच्या जागांपैकी. आयआयटीत मुलींचं प्रमाण फार कमी म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या, पुढे ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेलं. त्याचा तिला फायदा झाला. दुसरा कागद एमएचटी-सीईटीचा, ९९.६ पर्सेंटाइल. या गुणांवर मुंबईत माटुंग्याला असलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे आयसीटीत, बी.केम.इंजि. ला जागा मिळणं जवळजवळ नक्की होतं. जवळजवळ. हा शब्द पुढं महागात पडायचा होता.

म्हणजे शाखा एकच, पदवी चार वर्षांचीच, फक्त विद्यापीठं दोन. (आयआयटी तांत्रिकदृष्ट्या विद्यापीठ नव्हे, संसदेच्या कायद्यानं उभी केलेली राष्ट्रीय महत्त्वाची संस्था. पण पदवी स्वतःची देते, तेव्हा घरच्या चर्चेत विद्यापीठच.) शाखा एकच असल्यामुळं हे प्रकरण शिकवण्याच्या दृष्टीनं चांगलं आहे. एरवी मुलं "इथं कॉम्प्युटर, तिथं मेकॅनिकल" अशी दोन वेगळी आयुष्यं एकाच तराजूत टाकून बसतात आणि मग काटा हलतच राहतो.

"मामा काय म्हणतो?" मी विचारलं. कारण या घरातला शिकलेला माणूस म्हणजे मामा, पुण्यात हिंजवडीला कंपनीत.

"मामा म्हणतो, आयसीटी हे नावच ऐकलं नाही," ताई म्हणाली. "त्याच्या ऑफिसात पण कुणी ऐकलं नाही."

खरंच ऐकलं नसणार. या संस्थेचं नावच बदलत गेलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली, तेव्हापासून यूडीसीटी. मग यूआयसीटी. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाल्यावर आयसीटी. ज्यांच्याकडं ही पदवी आहे ते जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात, आणि ज्यांना जुनं नाव माहीत नाही त्यांना नवंही नाही. आयसीटी ऐकून ताईच्या आत्यानं विचारलं होतं, "म्हंजे कॉम्प्युटरचा क्लास का?"

इथं मला माझी गोष्ट सांगावी लागली. शिक्षकी पेशात येण्याआधी मी बीएस्सी करून पावणेदोन वर्षं तारापूर एमआयडीसीत एका औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, होतो. बोईसरला सहा जणांत एक खोली, सकाळ-दुपार-रात्र अशा फिरत्या शिफ्ट, कपड्यांना कायम सॉल्व्हंटचा वास. तिथं प्लांटच्या मोठ्या साहेबांबद्दल नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली जायची: "साहेब यूडीसीटीचे आहेत." बास. पुढं काही बोलायचं नाही. एखादी बॅच बिघडली, रंग चढला, गाळ बसेना, तर साहेब रिअ‍ॅक्टरजवळ येऊन दोन प्रश्न विचारायचे आणि निम्मा गुंता तिथंच सुटायचा. मला तेव्हा आयआयटीपेक्षा ते नाव मोठं वाटायचं. पण लातूरला परत आल्यावर वीस वर्षांत मी ते विसरलो होतो, आणि पेढा खाताना आयआयटीच म्हणालो होतो. माझीही नजर बदलली होती, ती राहतो त्या गावाची झाली होती.

ताईच्या वडिलांना हे पटलं नाही, पण ते ऐकू लागले. मी विचारलं, "तुमच्या डेपोत कुठल्या मेकॅनिकला मान? ज्याचं प्रमाणपत्र मोठं त्याला?" ते हसले. "ज्याच्या हातानं गाडी परत ब्रेकडाऊन होत नाही त्याला. पण ते डेपोत, सर. डेपोच्या बाहेर मला कोण वळखतंय?"

मी जे अर्धा तास फिरवून सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. माटुंग्याचा मान डेपोतला आहे. गांधीनगरचा मान डेपोबाहेरचाही आहे. ताई आयुष्यभर डेपोत राहणार का, एवढाच प्रश्न उरला.

डेपोतला मान किती मोठा, तेही सांगतो. गोव्यातल्या माशेलहून आलेले रघुनाथ माशेलकर इथंच इंजिनिअर झाले आणि इथंच त्यांनी प्रा. एम. एम. शर्मांच्या हाताखाली पीएच.डी. केली, पुढं सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेचे महासंचालक झाले. शर्मा स्वतः लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी इथले, घरडा केमिकल्सचे केकी घरडा इथले, मुकेश अंबानींची केमिकलची पदवी इथलीच. ही यादी वाचून दाखवली तेव्हा अंबानींच्या नावाला वडिलांनी मान वर केली. पण मी लगेच सांगितलं, की अशा यादीवर निर्णय घेऊ नका. अंबानी अंबानी झाले ते माटुंग्यामुळं नव्हे. मला या यादीत वेगळीच गोष्ट दिसते. यातले बरेच जण कारखाने काढणारे, रसायनातच राहिलेले. संस्था एकाच विषयाची असली की असं होतं. शेजारच्या वर्गात कॉम्प्युटर शिकणारा कुणी नसतोच, तेव्हा मन चळायला जागा कमी.

मामानं व्हॉट्सअ‍ॅपवर एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकार लावते ती, संस्थांची क्रमवारी पाठवली होती. अभियांत्रिकीच्या यादीत गांधीनगर वर, आयसीटी खाली. क्रमवारी खोटी नाही, पण ती कशी लागते ते बघायला हवं. शंभरातले ३० गुण शिकवण्याच्या साधनसामग्रीचे, ३० संशोधनाचे, २० निकालाचे, १० समावेशकतेचे आणि १० 'परसेप्शन'चे, म्हणजे लोकांना ही संस्था कशी वाटते याचे. आत्याचा कॉम्प्युटर क्लासही एका अर्थी त्या दहात आहे असं मी म्हणालो, तेव्हा ताई पहिल्यांदा हसली. शिवाय यादी संपूर्ण संस्थेची असते, केमिकल विभागाची नाही. चार वर्षं ज्या विभागात बसायचं त्याचा क्रमांक यात कुठंच छापलेला नसतो.

दुसऱ्या भेटीला आई आली. आईचे प्रश्न वेगळे होते आणि खरं सांगायचं तर जास्त कामाचे. पहिला: "आजारी पडली तर कोण पोचतं?" लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी आहे; संध्याकाळी जेवून बसलं की सकाळी दादर, तिथून माटुंगा पुढचंच स्टेशन. गांधीनगरला जायचं तर पुण्याला किंवा मुंबईला गाडी बदलून अहमदाबाद, तिथून पुढं पालज गाव. म्हणजे निघाल्यापासून पोचेपर्यंत जवळजवळ एक दिवस. दुसरा प्रश्न: "मुंबई पोरीला झेपंल का?" माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, ही गोष्ट मी सांगितली. एका स्टेशनानं शहर सुरक्षित होत नाही हे मला कळतं, पण आईच्या चेहऱ्यावरचा ताण त्यानं थोडा उतरला आणि मी तो उतरू दिला.

आवार म्हणाल तर तुलनाच नाही. गांधीनगरचं चारशे एकरांचं, साबरमतीच्या काठी, २०१५ पासून वसलेलं, नवंकोरं. मुलं तिथंच राहतात, तिथंच जेवतात, रात्री दोनला प्रयोगशाळेतून खोलीवर चालत येतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सुरुवातीचे काही आठवडे फाउंडेशन कार्यक्रम असतो, त्यात खेळ, नाटक, गावातलं काम, सगळं. लातूरच्या क्लासमधून दोन वर्षं मान खाली घालून निघालेल्या मुलीला हे औषधासारखं लागू पडलं असतं. माटुंग्याचं आवार सोळा एकर, बाहेर पडलं की व्हीजेटीआय, पाच उद्यान, किंग्ज सर्कल, इडली-डोशाचे वास आणि हॉर्न. मुंबईत वसतिगृहाची खोली पहिल्याच दिवशी मिळेल असं धरून चालू नये, पेइंग गेस्टचं भाडं ऐकून लातूरचा माणूस पुन्हा विचारतो की हे महिन्याचं की वर्षाचं. या मुद्द्यावर गांधीनगर सरळ जिंकलं. ताईनं कागदावर तसं लिहिलंही.

पण जागा म्हणजे फक्त राहण्याची जागा नव्हे. केमिकल इंजिनिअरच्या दृष्टीनं नकाशा काढा. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, तारापूर. मग वापी, अंकलेश्वर, दहेज, वडोदरा. देशातल्या रासायनिक कारखानदारीचा केवढा तरी भाग या एका किनारपट्टीवर आहे. मुंबई तिच्या दक्षिण भागात, अहमदाबाद-गांधीनगर उत्तरेला. मी आधी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो होतो, की उद्योगाच्या जवळ म्हणजे मुंबईच. ताईनं फोनवर नकाशा उघडून दाखवलं, की अंकलेश्वर आणि दहेज गांधीनगरहून जवळ आहेत. बरोबर होतं तिचं. मग फरक कुठं? फरक अंतरात नव्हता, ओळखीत होता. माटुंग्याहून अर्ध्या तासावर चेंबूर-माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि खताचा मोठा कारखाना. शिवाय नव्वद वर्षांत या पट्ट्यातल्या इतक्या प्लांटमध्ये माटुंग्याची माणसं जाऊन बसली आहेत, की सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी पत्र पाठवायचं तर वाचणारा बहुधा सीनियरच निघतो. गांधीनगर २००८ चं. त्यांची पहिली तुकडी आत्ता कुठं पस्तिशीला पोचते आहे. हे काळानं भरून येईल, पण ताईच्या चार वर्षांत नाही.

आईचा तिसरा प्रश्न सगळ्यात शेवटी आला, दारात चपला घालताना. "सर, कारखान्यात स्फोट होतात ना?" दीड-दोन महिन्यांपूर्वीच, मे महिन्यात, डोंबिवली एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरचा स्फोट होऊन माणसं गेली होती. टीव्हीवर धुराचे लोट तिनं पाहिले होते. मी खोटं बोललो नाही. होतात म्हणालो. बऱ्याचदा ते टाळता येण्यासारखे असतात, आणि टाळण्याचं शास्त्र शिकलेली माणसं प्लांटवर कमी असतात म्हणूनही होतात. रात्रपाळीबद्दलही सांगितलं, महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायद्यात बदल करून सुरक्षेच्या अटींवर कारखान्यात बायकांना रात्री काम करायला मोकळीक दिली. आधी मनाईच होती. आई म्हणाली, "मनाई होती तेच बरं होतं की." ताई तिच्याकडं बघून म्हणाली, "आई, नर्स रात्रीच्याच असतात ना?" त्यावर कुणी बोललं नाही.

आता नोकरीचं. इथं मामाचा मुद्दा सगळ्यात भक्कम होता आणि मी तो मान्य केला. गांधीनगरच्या पॅकेजचे आकडे त्यानं पाठवले होते. मी घरातल्या सगळ्यांना एक सवय लावायचा प्रयत्न केला: सर्वांत मोठं पॅकेज बघायचं नाही. एनआयआरएफला प्रत्येक संस्था जी माहिती देते त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि पगाराचा मध्य किती, हे असतं. ते तिच्याच वेबसाइटवर टाकावं लागतं. तो मधला आकडा बघायचा. पण तोही सगळ्या शाखांचा मिळून असतो. आयआयटीच्या मधल्या आकड्यात कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकलची मुलं आहेत. आयसीटीच्या आकड्यात फक्त रसायनाची, त्यात रंग, तेल, कापड, अन्न, औषध हे सगळे बी.टेक. आले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की आंबा आणि आंबावडी एकाच भावानं मोजल्यासारखं होतं.

आयआयटीत केमिकल घेतलेली पुष्कळ मुलं शेवटी केमिकलमध्ये नसतात. सॉफ्टवेअर, डेटा, बँकिंग, सल्लागार कंपन्या. तिथं भरती करणाऱ्याला शाखेशी फारसं देणंघेणं नसतं, आयआयटीचा शिक्का आणि गणित पुरतं. हा दोष नाही, ही त्या शिक्क्याची ताकद आहे. माटुंग्यात हे दार अगदीच बंद नाही, पण अरुंद आहे. रसायनात राहायचं असेल तर मात्र माटुंग्याची मुलगी रंग, औषध, साबण-तेल, पेट्रोकेमिकल, कुठल्याही दारात उभी राहिली तर तिला ओळख सांगावी लागत नाही. सरकारी तेल कंपन्यांसाठी गेट परीक्षा द्यायची म्हटलं तर दोन्हीकडून सारखंच. गेटचा पेपर कुणाचं कॉलेज विचारत नाही. परदेशात पीएच.डी. ला जायचं असेल तर दोन्हीकडून वाट आहे. माटुंग्याची वाट जुनी, पाऊलवाट होऊन पडलेली. तिकडच्या प्राध्यापकांना हे नाव माहीत असतं.

म्हणून मी ताईला तो प्रश्न विचारला जो खरं तर अकरावीत विचारायला हवा होता. "तुला रसायन आवडतं, की जमतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मुलं या प्रश्नाला फार पटकन "आवडतं" म्हणतात, तेव्हा मला शंका येते. ती म्हणाली, "सर, सेंद्रिय रसायन जमतं. पण आवडतं ते वेगळंच. बाबा इंजिनचं ऑइल बदलताना जुनं ऑइल बोटांत चोळून बघतात आणि सांगतात, आत काय झालंय. ते मला कळून घ्यायचंय. ऑइल काळं का होतं, दाट का होतं, त्यात काय मिसळलं की ते जास्त दिवस टिकतं."

वडील तिच्याकडं बघत राहिले. त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता उरले पैसे आणि तारखा, आणि खरा पेच तिथंच होता. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला पाच लाख बारा हजारांचा. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला दोन लाख. घरचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ होते, एक लाखाच्या आत असेल तर सगळी. हे घर बारा हजारांनी बाहेर. म्हणजे चार वर्षांचे आठ लाख, वर मेस-वसतिगृह. आयआयटीसाठी बँका तारण न मागता कर्ज देतात, त्यामुळं अशक्य काही नव्हतं. पण पाठच्या दोन भावंडांची पाळी यायची होती. (पीएम-विद्यालक्ष्मी योजना, ज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला व्याजात तीन टक्के सवलत मिळते, ती केंद्रानं मंजूर केली नोव्हेंबरात. तोवर आमचा निर्णय होऊन गेला होता.)

दरम्यान जोसाच्या फेऱ्या चालू असतानाच, ८ जुलैला, राज्याचा शासन निर्णय आला. कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं होतं. शासकीय अभिमत विद्यापीठं त्यात आहेत, खासगी अभिमत नाहीत. आयसीटी पहिल्या गटात. तो जीआर मी तीनदा वाचला. एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंतच्या आठवड्यात एका जागेची शिकवणी फी शून्य झाली आणि दुसरीची आठ लाखच राहिली. इतकी वर्षं सल्ले देतोय, निकाल लागल्यानंतर तराजूचं पारडं असं सरकारनं येऊन हलवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

वडिलांना वाटलं, संपलं, ठरलं. उलट ताई अडून बसली. "फुकट आहे म्हणून मी तिकडं चालले असं सगळे म्हणतील." अठरा वर्षांच्या मुलीचा हा मुद्दा मला मोठा वाटला. फीसाठी आयआयटी सोडली असं स्वतःला वाटत राहिलं तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या वाईट पेपरला ते टोचतं. मी तिला एक करायला सांगितलं: दोन्हीकडं फी शून्य आहे असं धरून एका रात्रीत ठरव, कुणाला न सांगता कागदावर लिही, वडिलांच्या हातात दे. मग पैशाचं बघू.

आता तारखा. जोसाचा कारभार जुलैच्या मध्याला आटोपतो. राज्याच्या कॅप फेऱ्या तेव्हा नीट सुरूही झालेल्या नसतात. त्या वर्षी पहिलं वाटप ऑगस्टच्या मध्यात आलं. जोसातून जागा सोडायची तर शेवटच्या फेरीआधी विड्रॉ करायचं. म्हणजे हातातली जागा आधी सोडायची आणि जी अजून मिळालेली नाही तिच्यासाठी महिनाभर थांबायचं. दरवर्षी या एका फटीत कितीतरी मुलं अडकतात. काही दोन्हीकडं भरतात, आयआयटीत हजर होतात आणि मग कॅपची जागा लागल्यावर परत येतात. त्यात पैसे अडकतात आणि मूळ कागदपत्रांची धावाधाव होते. आम्ही मागच्या तीन वर्षांचे आयसीटीचे कटऑफ काढले, ओबीसी आणि मुलींच्या जागांचे वेगळे. बी.केम.इंजि. ला जागा पंचाहत्तरच्या आसपास. त्यातल्या ७० टक्के सीईटीवर, उरलेल्या देशपातळीवर जेईई मेनवर. ताईकडं मेनचाही स्कोअर होता, पण तो भरवशाचा नव्हता. सीईटीवर मात्र तिन्ही वर्षी ती आत बसत होती, थोडं अंतर राखून. धोका किती? मी म्हणालो, नगण्य. मामा फोनवर म्हणाला, "सर, नगण्य म्हणजे शून्य नव्हे ना?" बरोबर होतं. मी स्वतःच्या मुलीचा प्रवेश असता तर रात्रभर झोपलो नसतो.

विड्रॉचा शेवटचा दिवस. ताईनं वडिलांना दिलेली चिठ्ठी मी पाहिली नाही, पण त्यांनी संध्याकाळी डेपोतून फोन केला. मागं बसच्या इंजिनाची घरघर. म्हणाले, "माटुंगा लिवलंय सर. आन् खाली लिवलंय, गांधीनगरचं हॉस्टेल आवडलं होतं." मग थोडं थांबून, "बटन दाबू का?" मी म्हणालो, तिला दाबू द्या.

त्यानंतरचा महिना घरात कसा गेला ते मी लिहिणार नाही. आजीनं नवस बोलला एवढं सांगतो. कॅपच्या पहिल्या फेरीत जागा लागली.

माझ्याकडून चुकलं काय, तेही नोंदवून ठेवतो. राहण्याचा खर्च मी हलका धरला होता. खोली मिळेपर्यंत तिनं मुंबईत जे भाडं दिलं त्यात माफ झालेल्या फीचा चांगलाच तुकडा गेला. आणि गांधीनगरमध्ये तिला काय मिळालं असतं, नाटक, वेगवेगळ्या राज्यांतली मुलं, नदीकाठची ती मोकळीक, त्याची किंमत मी कागदावर एका ओळीत उरकली. ती एका ओळीची नव्हती.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, असाच एक मुलगा आला. जवळपास हेच दोन पर्याय, हीच शाखा. माझ्या ओठांवर ताईची गोष्ट तयारच होती. त्याला विचारलं, आवडतं की जमतं? तो म्हणाला, "सर, मला केमिकल नकोच आहे. मला आयआयटी पाहिजे, पुढं फायनान्समध्ये जायचंय." दहा मिनिटांत मी त्याला गांधीनगरला पाठवलं, आणि फी जास्त असूनही त्याच्या वडिलांना कर्ज काढा म्हणालो. त्याच्या आईला वाटलं, गेल्या वर्षी या सरांनी पोरीला आयआयटी सोडायला लावली आणि यंदा पोराला घ्यायला लावतायत.

ताई आता दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा पुण्याहून मामाही आला होता. फराळाला मीही होतो. शेजारचे देशमुख काका आले, त्यांनी विचारलं, ही कुठं शिकते? मी तोंड उघडणार तोच मामा लाडू खाली ठेवून म्हणाला, "आमची भाची. आयआयटी मिळाली होती हिला, सोडली हिनं." देशमुख काकांनी ताईकडं नव्यानं बघितलं. कुठं शिकते ते त्यांनी परत विचारलं नाही.